शुगर कोणी दिली? आजाराने की औषधाने?

'मधुमेह' हा शब्द आपल्या घरांत सहसा उच्चारला जात नाही. आपण 'शुगर' म्हणतो. या शब्दाशी जोडली जाणारी क्रियापदे मात्र लक्षात घेण्यासारखी आहेत. पूर्वी कोणाला मधुमेह असल्याचे कळले, की 'त्यांना शुगर निघाली' असे म्हणत. ती आत होतीच, तपासणीने ती बाहेर दिसली, असा त्याचा अर्थ. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनंतर पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात दुसरी दोन क्रियापदे रूढ झाली. कोणी म्हणू लागले, 'कोरोनाने शुगर दिली.' कोणी म्हणू लागले, 'इस्पितळातल्या इंजेक्शनांनी शुगर लावली.' एकाच आजाराविषयी 'निघाली', 'दिली' आणि 'लावली' अशी तीन मते एकाच घरात नांदताना आम्हांला आढळली आहेत.

हा केवळ शब्दांचा खेळ असता, तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याला वाटते की औषधाने शुगर लावली, तो औषधच सोडून देतो. ज्याला वाटते की कोरोनाने दिली, तो कोरोना गेला म्हणजे तीही गेली असे समजून पुन्हा तपासणी करीत नाही. आणि ज्या घरात 'ती आधीपासून होती, तुम्हीच लक्ष दिले नाही' असे बोलले जाते, त्या घरात आजारी माणसाच्या माथी आजाराबरोबर अपराधाचेही ओझे येते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटले. हा प्रश्न कोरोनाबरोबर जन्माला आलेला नाही. त्याचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे.

गालगुंडापासून आरंभ

मधुमेहाचे दोन प्रकार असावेत, ही जाणीव आपल्या देशात फार प्राचीन आहे. सुश्रुताने प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्तज' असे दोन भेद सांगितले : एक जन्मतः येणारा, दुसरा आहारविहाराच्या दोषाने होणारा. पहिल्यातील रुग्ण कृश, तर दुसऱ्यातील स्थूल, असेही निरीक्षण त्यात आहे. परंतु एखाद्या साथीच्या आजारामागून मधुमेह येऊ शकतो, ही कल्पना आधुनिक काळातली.

१८६४ मध्ये नॉर्वेतील एका डॉक्टराने गालगुंडानंतर मधुमेह झालेल्या रुग्णाची नोंद केली. त्या वेळी विषाणू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. 'विषाणू' ही संकल्पनाच १८९० च्या दशकात, तंबाखूच्या पानांवरील रोगाच्या अभ्यासातून पुढे आली. एवढेच नव्हे, तर मधुमेहाचा संबंध स्वादुपिंडाशी आहे, हेदेखील १८८९ मध्ये सिद्ध झाले. त्या वर्षी मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोन संशोधकांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या प्राण्याला तीव्र मधुमेह झाला. म्हणजे त्या नॉर्वेच्या डॉक्टराला रोगाचे कारण माहीत नव्हते आणि रोगाचे स्थानही माहीत नव्हते. त्याने केले ते एवढेच : आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

पुढे १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्शुलिन हाती आणले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन मिळाले. तोपर्यंत मुलांचा मधुमेह म्हणजे काही महिन्यांचे आयुष्य, असा हिशेब होता. मुले जगू लागली आणि 'त्यांना हा रोग होतो तरी कशाने?' हा प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला. १९२७ मध्ये नॉर्वेच्याच गुंडरसन यांनी आपल्या देशातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गालगुंडाच्या साथी येऊन गेल्यावर काही वर्षांनी तरुण वयातील मधुमेहाचे मृत्यू वाढलेले त्यांना दिसले. मधुमेह हा संसर्गातून उद्भवतो काय, असा प्रश्न त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला.

आईच्या उदरातील गोवर आणि एका मुलाचे स्वादुपिंड

या प्रश्नाला पहिले भक्कम उत्तर मिळाले ते ऑस्ट्रेलियातून. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना एकाएकी जन्मजात मोतीबिंदू असलेली अनेक बाळे दिसू लागली. त्यांच्या आयांना गरोदरपणी जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, होऊन गेला होता. ही बाळे मोठी होत गेली तसतसा त्यांचा पाठपुरावा झाला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसले, की पाहणीत असलेल्यांपैकी सुमारे पाचांतील एकाला मधुमेह झाला होता. आईच्या उदरात शिरलेल्या विषाणूचा परिणाम तीस-पस्तीस वर्षांनीही उरलेला होता.

दुसरी घटना १९७९ ची. अमेरिकेत एक दहा वर्षांचा मुलगा फ्लूसारख्या आजारानंतर तीव्र मधुमेहाने दगावला. संशोधकांनी त्याच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी-४ हा विषाणू वेगळा केला आणि उंदरांना टोचला. काही उंदरांच्या रक्तातील साखर वाढली. विषाणू थेट स्वादुपिंडापर्यंत पोहोचू शकतो, याचा तो पुरावा होता.

असे असले तरी, एका मुलाच्या गोष्टीवरून सर्व मुलांचा निकाल देता येत नाही. १९७४ मध्येच लंडनच्या संशोधकांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडातील पेशींविरुद्ध शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडे सापडली होती. त्यावरून जे चित्र उभे राहिले ते असे : काही मुलांत जन्मतःच एक प्रवृत्ती असते, विषाणू बहुधा ठिणगी टाकतो, आणि मग शरीराची रक्षणव्यवस्था शत्रू ओळखण्यात चुकून, इन्शुलिन तयार करणाऱ्या आपल्याच बीटा पेशींवर तुटून पडते. ही पडझड महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालू असते. म्हणून शेवटी तापात मुलाची साखर वाढलेली आढळते तेव्हा तो ताप पहिले कारण असतोच असे नाही; कधी तो केवळ शेवटचा धक्का असतो.

या संशोधनाचा आपल्या घराशी संबंध आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातील शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा काही पालकांनी 'एवढ्याशा पुरळासाठी सुई कशाला?' असे विचारले होते. त्या सुईचा खरा लाभ त्या मुलीला पुढे जे मूल होईल त्याला आहे. ग्रेग यांनी पाहिलेले मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष आणि त्यांच्यामागून येणारा मधुमेह, या साऱ्यांची वाट ती लस अडवते.

तारणारे औषध आणि त्याची किंमत

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू : औषध मधुमेह 'लावते' काय?

१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये या कार्यासाठी हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु स्टेरॉईडांच्या या कुळाचा स्वभाव लौकरच कळून आला. ती यकृताला अधिक साखर तयार करायला लावतात आणि स्नायूंना इन्शुलिनचे ऐकू देत नाहीत. ज्याचे स्वादुपिंड सशक्त आहे तो हा भार पेलतो. ज्याचे आधीच थकलेले आहे त्याची साखर वाढते. यात एक बारकावा आहे. स्टेरॉईड सकाळी घेतले, तर साखर मुख्यतः दुपारनंतर चढते. उपाशीपोटीची तपासणी अनेकदा निर्दोष येते. केवळ सकाळच्या तपासणीवर विसंबणाऱ्याची फसगत होते ती अशी.

विषाणूंवरील औषधांतही हाच अनुभव आला. 'क' प्रकारच्या यकृतदाहावर इंटरफेरॉन दिले जात असे. तो विषाणू स्वतःही मधुमेहाची शक्यता वाढवतो, आणि इंटरफेरॉनमुळे काही थोड्या रुग्णांत बीटा पेशींवरील हल्ला सुरू होतो, असे १९९० च्या दशकात दिसून आले. एड्सच्या बाबतीत १९९५ च्या अखेरीस प्रोटिएज रोधक औषधे आली आणि मरणाच्या दारातील रुग्ण परत फिरू लागले. १९९७ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की या औषधांवरील काही रुग्णांची साखर वाढत आहे. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारने एड्सवरील उपचार मोफत सुरू केले. महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी एक होता. आरंभीच्या त्या औषधांत स्टॅव्ह्युडीन होते. त्याने असंख्य प्राण वाचवले, पण चेहऱ्यावरची व हातापायांची चरबी झडणे, साखर वाढणे असे त्याचे दुष्परिणाम दिसले, आणि पुढे ते मागे घेऊन बरी औषधे आणली गेली. औषधाचा दोष मान्य करणे आणि औषध टाकून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे दिसते. दोष नोंदला गेला म्हणून उपचार सुधारला. उपचार थांबवला असता तर माणसेच राहिली नसती.

इतिहास कधी उलट दिशेनेही चालतो. १९२२ मध्ये, इन्शुलिनच्या पहिल्या वापराच्याच वर्षी, डब्लिनमध्ये मेटफॉर्मिन नावाचे एक रसायन तयार झाले आणि विस्मृतीत गेले. १९५० च्या सुमारास फिलिपाईन्समध्ये डॉ. युसेबियो गार्सिया यांनी ते फ्लूच्या रुग्णांना दिले. फ्लू हा विषाणूचाच आजार. रुग्णांच्या रक्तातील साखर त्या औषधाने खाली येते, असे त्यांनी नमूद केले. ती नोंद पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांच्या वाचनात आली आणि १९५७ मध्ये त्यांनी मेटफॉर्मिन मधुमेहाचे औषध म्हणून पुढे आणले. आज आपल्या घराघरांतील मधुमेह्यांच्या डब्यात जी गोळी असते, ती बहुधा हीच. तापाच्या औषधातून साखरेचे औषध निघाले, ते केवळ एका डॉक्टराने आपल्या अपेक्षेबाहेरची गोष्टही टिपून ठेवली म्हणून.

आपल्या पट्ट्यातील दोन वर्षे

आता आपल्याकडे येऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या एका जिल्ह्यात किती जगे आहेत! १९६९ पासून वीज देणारे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापुरात; त्याच्या शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत, जेथे रंग, रसायने, कापड, पोलाद आणि औषधांची मूळ द्रव्येही तयार होतात; किनाऱ्याला सातपाटी, मुरबे, दांडी अशी मच्छीमार गावे; आणि पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे. पाळीवर काम करणारा कामगार जेवतो अवेळी आणि झोपतो अवेळी. पाड्यावरच्या माणसाला रक्ततपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मोठा आजार आला, की मुंबई गाठायची किंवा गुजरातेत वापी-वलसाडला जायचे. ज्या समाजात तपासणीच दुर्मीळ, तेथे साखर 'होती' की 'आली' हे सांगणार कोण?

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात, पुण्यात, कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला : डेक्सामिथासोन हे स्वस्त व जुने स्टेरॉईड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक-पंचमांशाने घटतात. मात्र ज्यांना प्राणवायूची गरज नाही, त्यांना त्याचा लाभ नाही. या निष्कर्षाचे पहिले वाक्य सर्वत्र पोहोचले. दुसरे वाटेतच राहिले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटा मिळेनात, तेव्हा घरीच, ताप आल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या गेल्या. आणि साखर मात्र कोणी मोजली नाही.

त्यामागून आली काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. या बुरशीला वाढलेली साखर आणि दुबळी झालेली प्रतिकारशक्ती हवी असते. येथे दोन्ही एकत्र मिळाल्या. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात भारतातील १६ रुग्णालयांतील २८७ म्युकर रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी १८७ कोरोनाचे होते. त्यांच्यात हा आजार होण्याचा संबंध प्राणवायूची कमतरता आणि स्टेरॉईडचा अयोग्य वापर यांच्याशी आढळला. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली आणण्यास सांगितले. तो कायदा मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले; महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत त्यांची संख्या सर्वांत मोठी होती. कित्येकांनी डोळा गमावला, कित्येकांनी जबडा.

तिन्ही क्रियापदांचा निवाडा

तेव्हा शुगर 'निघाली', 'दिली' की 'लावली'? प्रामाणिक उत्तर असे, की तिन्ही शब्द कोठे ना कोठे खरे आहेत.

'दिली' हे काहींच्या बाबतीत खरे. २००३ च्या सार्स साथीत चीनमध्ये ३९ रुग्णांची पाहणी झाली. त्यांना आधी मधुमेह नव्हता आणि स्टेरॉईडही दिलेले नव्हते. तरीही त्यांपैकी २० जणांची साखर इस्पितळात असताना मधुमेहाच्या पातळीला गेली. तीन वर्षांनी पाहिले तर केवळ दोघांना मधुमेह उरला होता. कोरोनानंतर, मार्च २०२२ मध्ये, अमेरिकेतील निवृत्त सैनिकांवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरोना झालेल्यांत पुढील वर्षभरात मधुमेहाची जोखीम सुमारे ४० टक्क्यांनी अधिक दिसली. म्हणजे दर हजारी सुमारे तेरा रुग्ण जास्त. हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आणि कोरोना झालेल्या प्रत्येकाने घाबरून जावे एवढा मोठाही नाही.

'लावली' हेही काहींच्या बाबतीत खरे. स्टेरॉईडने साखर चढते, यात आता वाद नाही. परंतु ते बंद झाल्यावर ती अनेकांची उतरतेही. बॉस्टनच्या एका रुग्णालयात कोरोनाच्या वेळी प्रथमच मधुमेह आढळलेल्या आणि वाचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के जण पुढे मधुमेहाच्या रेषेखाली आले.

आणि 'निघाली' हे कदाचित सर्वांत अधिक लोकांच्या बाबतीत खरे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि १५.३ टक्के प्रौढ त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. 'मी तर सडपातळ, मला कशी होईल?' या शंकेला पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःच्या देहाचेच उदाहरण देऊन उत्तर दिले. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी प्रा. युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा अंक एकच, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून कृश आणि आतून स्थूल असतो. अशा शरीरावर विषाणूचा आणि स्टेरॉईडचा भार एकदम पडला, तर झाकलेले उघडे होणारच.

एखाद्या रुग्णापुरता हा निवाडा करण्याचे साधनही आहे. एच.बी.ए.वन.सी. ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. आजाराच्या पहिल्याच आठवड्यात ती ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर साखर आजारापूर्वीच होती असे समजावे. मात्र ज्यांच्या रक्तात सिकलसेलचा दोष आहे त्यांच्यात ही तपासणी चुकीचे उत्तर देऊ शकते. आणि आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत तो दोष आढळतो. अशा वेळी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरच पाहावी, आणि डॉक्टरांना सिकलसेलविषयी आधी सांगावे.

घराने करावयाचे ते

वाचकहो, या इतिहासातून आम्ही काही व्यवहाराच्या गोष्टी घेतल्या आहेत. डॉक्टरांनी स्टेरॉईड सांगितले, तर साखर केव्हा मोजायची हे त्याच वेळी विचारावे. दुपारनंतरची तपासणी टाळू नये. बरेच दिवस चाललेले स्टेरॉईड मनानेच एकाएकी थांबवू नये. त्याने प्राणावर बेतू शकते. आजारात मधुमेह आढळला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. उतरला असेल तर देवाचे आभार मानावेत, आणि तरीही दरवर्षी पाहत राहावे. इन्शुलिन सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ते सोडू नये. आणि तापानंतर एखादे मूल सारखे पाणी मागत असेल, वारंवार लघवीला जात असेल, झडत असेल, उलट्या करून जोराने श्वास घेत असेल, तर त्याला 'ताप अजून उतरला नाही' असे म्हणत घरी ठेवू नये. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाने त्याच घटकेला निदान होते, आणि एका रात्रीच्या विलंबाने मूल जाऊ शकते.

राहिला तो दोषारोपाचा प्रश्न. नवऱ्याने इस्पितळ चुकीचे निवडले, सुनेने गोड खायला घातले, मुलाने लक्ष दिले नाही, असे हिशेब अजूनही कित्येक घरांत मिटलेले नाहीत. दीडशे वर्षे जगातील विद्वान ज्या प्रश्नावर खपले आणि ज्याचे एकच एक उत्तर त्यांनाही मिळाले नाही, त्याचा निकाल घरातल्या घरात एका माणसाच्या विरुद्ध लावणे हा अन्याय आहे. नॉर्वेच्या त्या डॉक्टराने किंवा डॉ. गार्सियांनी दोषी कोण हे शोधले नाही. त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. त्यातूनच पुढच्यांना औषध मिळाले. आपल्या घरातही एक वही असावी. तीत तारीख, ताप, दिलेले औषध आणि मोजलेली साखर लिहावी. पुढच्या आजारात डॉक्टरांना ती वहीच सर्वांत अधिक उपयोगी पडेल.